बेंद्रे सरांचा वर्ग

'मला चित्रकार व्हायचे आहे,' असे मुलाने किंवा मुलीने दहावीनंतर जाहीर केले की आजही अनेक घरांत क्षणभर शांतता पसरते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांपर्यंत सारे ठीक असते. 'अ' श्रेणी मिळाली की शेजारीपाजारी पेढेही वाटले जातात. पण हीच आवड उद्या पोटापाण्याचा उद्योग होणार म्हटल्यावर आईच्या कपाळावर आठी उमटते आणि वडील विचारतात, "चित्रे काढून घर कसे चालणार?"

हाच प्रश्न नव्वदएक वर्षांपूर्वी इंदूरमधल्या एका वडिलांसमोर उभा होता. गिरणीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांचा पंढरपुरात जन्मलेला मुलगा सायकलवरून गावाबाहेर जायचा आणि उघड्यावर बसून निसर्गचित्रे रंगवायचा. एकदा एका तरुण चित्रकाराची नजर त्याच्या कामावर पडली. चित्र पाहून तो चकित झाला. मुलाबरोबर थेट त्याच्या घरी गेला आणि वडिलांना म्हणाला की, याला चित्रेच काढू द्या. वडिलांनी ऐकले. तो मुलगा म्हणजे मकबूल फिदा हुसेन. त्यांनी स्वतःच ही आठवण पुढे सांगून ठेवली आहे. आणि घरी जाऊन वडिलांची समजूत घालणारा तो तरुण होता नारायण श्रीधर बेंद्रे.

तेव्हा बेंद्रे कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते स्वतःच नुकते शिकून बाहेर पडत होते. तरीही शिक्षकाचे पहिले काम त्यांच्या हातून त्या दिवशी झाले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. मुलात काय आहे ते ओळखणे आणि ते घरच्यांना पटवून देणे, हे काम पुढे त्यांनी वर्षानुवर्षे केले.

देवळालीकरांच्या तालमीत

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबात झाला. होळकरांचे इंदूर त्या काळी मराठी माणसाला परके नव्हते. भाषा, सणवार, नाटके, गाणे सारे काही तिथे होते. चित्रकलेच्या दृष्टीने तर इंदूरचे भाग्य मोठेच म्हणायला हवे, कारण तिथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे गुरू होते. त्यांनी १९२७ साली सुरू केलेल्या कलाशाळेतून पुढे किती नावे निघाली ते पाहिले की थक्क व्हायला होते. बेंद्रे तिथले, हुसेन काही काळ तिथले, सोलेगावकर तिथले आणि टाकाऊ वस्तूंमधून कलाकृती घडवणारे विष्णू चिंचाळकर गुरुजीही तिथलेच.

देवळालीकर विद्यार्थ्यांना वर्गाच्या चार भिंतींत कोंडून ठेवत नसत. बाहेर पडा, ऊन कसे पडते ते बघा, सावलीचा रंग काळा नसतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, अशी ती शिकवण होती. रंग जाड, फटकारे धीट. इंदूरच्या विद्यार्थ्यांची चित्रे मुंबईच्या प्रदर्शनांत जाऊ लागली आणि पदके घेऊन परत येऊ लागली, तेव्हा 'हे इंदूरचे काम' असे लोक लांबूनच ओळखू लागले.

बेंद्रे यांनी मात्र चित्रकलेच्या नादात पुस्तकी शिक्षण सोडले नाही. १९३३ साली त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी.ए.ची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबईची सरकारी कला पदविकाही मिळवली. त्याच सुमारास त्यांनी रंगवलेल्या 'भटक्या' या व्यक्तिचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक लाभले. १९४१ मध्ये याच संस्थेचे सुवर्णपदकही त्यांच्याकडे आले. ही सोसायटी १८८८ पासूनची. त्या काळी तिथले पदक म्हणजे चित्रकाराच्या नावावर उमटलेली मोहोर होती.

पायाला भिंगरी

पदके मिळाली तरी घर चालवायचा प्रश्न होताच. तो बेंद्रे यांनी नोकरी करून सोडवला. १९३६ ते १९३९ या काळात ते श्रीनगरमध्ये पर्यटकांसाठी असलेल्या सरकारी कचेरीत चित्रकार-पत्रकार म्हणून काम करत होते. काश्मीरचे सौंदर्य बाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचवणे हे त्या कचेरीचे काम होते. पोटासाठी पत्करलेल्या या नोकरीने त्यांना तीन वर्षे डोंगर, पाणी, धुके आणि माणसे रंगवायला दिली.

त्यानंतर त्यांची भटकंती थांबली नाही. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला जाऊन राहिले. तिथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज, विनोदविहारी मुखर्जी या दिग्गजांचा सहवास त्यांना घडला. इंदूरमध्ये शिकलेली समोर दिसणारे जग रंगवण्याची पद्धत एकीकडे आणि शांतिनिकेतनची लयदार रेषा दुसरीकडे, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी मोकळ्या मनाने पाहिल्या. १९४७-४८ मध्ये ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या 'आर्ट स्टुडंट्स लीग'मध्ये त्यांनी आर्मिन लँडेक यांच्याकडे मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून किंवा आम्लाने झिजवून त्यांत शाई भरायची आणि दाबयंत्राखाली कागदावर ठसा उमटवायचा, असे हे तंत्र. स्वतःचे नाव झालेला, सुवर्णपदक मिळवलेला चित्रकार सदतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. त्यांच्या पुढच्या शिक्षकपणाची गुरुकिल्ली इथेच दडलेली आहे.

बडोद्याचे बोलावणे

१९४९ साली बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कुलगुरू होत्या हंसा मेहता. बडोद्याच्या दिवाणांची ही कन्या घटना समितीची सदस्य होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असे शब्द यावेत म्हणून त्यांनी आग्रह धरला होता. अशा विदुषीच्या कारकिर्दीत १९५० साली विद्यापीठात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली.

आज यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळी मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील नामवंत कलाशाळा इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळा होत्या. तिथे पदविका मिळे. बडोद्यात मात्र चित्रकला, शिल्पकला शिकणारा विद्यार्थी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसारखाच विद्यापीठाचा पदवीधर होणार होता. त्याला हाताच्या कौशल्याबरोबर कलेचा इतिहासही अभ्यासावा लागणार होता. 'चित्रे काढून काय मिळणार?' असे विचारणाऱ्या आईवडिलांना आता निदान 'पदवी मिळणार' एवढे तरी उत्तर देता येणार होते.

या नव्या शाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून बेंद्रे आले. शिल्पकला विभाग शंखो चौधुरी यांच्याकडे होता. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन हेही येऊन मिळाले. राजा रविवर्म्याची चित्रे जपणारे, मराठी सरदार घराण्यांचे हे शहर बेंद्रे यांना आपलेसे वाटले नसते तरच नवल. 'पुष्पबाग' नावाच्या जुन्या बंगल्यात वर्ग भरत. पैसा बेताचा, साधने अपुरी, पण शिक्षक आणि विद्यार्थी सारेच तरुण होते.

बेंद्रे यांची शिकवण्याची पद्धत बोलण्यापेक्षा करून दाखवण्याची होती. ते विद्यार्थ्यांसमोर उभे राहून रंगवत. कोऱ्या कागदावर पहिला डाग कुठे पडतो, चेहऱ्यावरचा उजेड दोन फटकाऱ्यांत कसा पकडायचा, कुठे थांबायचे, हे सारे डोळ्यांसमोर घडताना दिसे. ज्या घरात आजी पुरणपोळी लाटताना नात शेजारी बसून पाहत असे, त्या घरातल्या माणसाला या शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. पाककृती वहीत उतरवून घेता येते, पण पीठ किती सैल मळायचे ते आजीच्या हाताकडे पाहूनच कळते.

दोष की गुण?

एवढे असूनही बेंद्रे यांच्यावर समीक्षकांचा एक आक्षेप कायम राहिला. त्यांची स्वतःची अशी एक ठाम शैली नाही, असे म्हटले जाई. सुरुवातीला प्रकाशाचा खेळ टिपणारी निसर्गचित्रे, मध्ये शांतिनिकेतनची छाया, परदेशातून आल्यावर वस्तूंना कोन आणि तुकड्यांत मांडणारी घनवादी रचना, काही काळ अमूर्त आकार आणि उतारवयात असंख्य ठिपक्यांनी उभारलेली चित्रे असा त्यांचा प्रवास झाला. प्रदर्शनाच्या दालनात शिरताच 'हे बेंद्रे' असे बोट दाखवून सांगता यावे, अशी एकच एक खूण त्यांनी जपली नाही. बाजारात खूण जपणाऱ्याला भाव मिळतो. बेंद्रे यांना ती किंमत मोजावी लागली.

पण चित्रकारात दोष ठरलेली हीच गोष्ट शिक्षकात गुण ठरली. ज्या चित्रकाराची शैली पक्की आणि प्रभावी असते, त्याचे विद्यार्थी नकळत त्याच्यासारखेच रंगवू लागतात. वर्गात वीस मुले आणि वीस लहान-मोठ्या आवृत्त्या, असे अनेक ठिकाणी घडते. बेंद्रे यांनी स्वतः अनेक वाटा चालून पाहिल्या होत्या. त्यामुळे विद्यार्थी ज्या वाटेने जाऊ पाहील, त्या वाटेवरचे खाचखळगे त्यांना ठाऊक असत. 'माझ्यासारखे काढ' म्हणण्याची गरजच त्यांना पडली नाही.

याचा पुरावा हवा असेल तर त्यांच्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. अहमदाबादेत पाट्या रंगवून दिवस काढलेले शांती दवे पुढे मेणाच्या माध्यमात खोल, जाड पोताची अमूर्त चित्रे करू लागले. एअर इंडियाच्या परदेशांतील कार्यालयांत त्यांची मोठी भित्तिचित्रे लागली. ज्योती भट्ट मुद्राचित्रणात रमले आणि कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत फिरले. अंगणातल्या रांगोळ्या आणि मातीच्या भिंतींवरची चित्रे पुसली जाण्याआधी त्यांनी छायाचित्रांत टिपून ठेवली. हकू शाह आदिवासी आणि लोककलेच्या अभ्यासाकडे वळले. गुलाम मोहम्मद शेख यांनी चित्रांत गोष्टी सांगितल्या, गुजरातीत कविता लिहिल्या आणि पुढे स्वतःही बडोद्यात शिकवले. रतन परिमू कलेचा इतिहास शिकवू लागले.

श्रीनगरच्या गुलाम रसूल दर यांची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. विणकाम आणि पाट्या रंगवण्याची कामे करणारा हा मुसलमान तरुण. त्याने संतोष नावाच्या हिंदू मुलीशी लग्न केले आणि पत्नीचे नाव स्वतःच्या नावापुढे लावले. चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी त्याच्यातली चमक हेरली आणि १९५४ मध्ये तो शिष्यवृत्ती घेऊन बडोद्याला बेंद्रे यांच्याकडे शिकायला आला. जी. आर. संतोष या नावाने तो पुढे तांत्रिक प्रतीकांवर आधारित चित्रांसाठी ओळखला गेला. कधीकाळी काश्मीरची नोकरी करणाऱ्या बेंद्रे यांच्या वर्गात काश्मीरचा मुलगा येऊन बसावा, हा योगही सुंदरच.

या सगळ्यांची चित्रे एका भिंतीवर शेजारी शेजारी लावली, तर ते एकाच गुरूचे शिष्य आहेत असे कोणी म्हणणार नाही. बेंद्रे सरांच्या वर्गाचा निकाल तो हाच!

१९५६ साली या शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून 'बडोदा ग्रुप' स्थापन केला. त्यात बेंद्रे होते, सुब्रमण्यन होते, त्यांचे विद्यार्थी होते आणि प्रभा डोंगरे, कुमुद पटेल यांच्यासारख्या चित्रकर्तीही होत्या. गुरू आणि शिष्य एकाच प्रदर्शनात, एकाच भिंतीवर. गुरूने स्वतःची चित्रे विद्यार्थ्यांच्या चित्रांशेजारी लावायची, म्हणजे तुलनेला उघड आमंत्रण. बेंद्रे यांनी ते हसतमुखाने स्वीकारले.

दूरदेशीचा एक सोबती

चित्रकाराने शिकवण्यात किती जीव ओतावा, हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडात १९२० साली सात चित्रकारांनी एकत्र येऊन 'ग्रुप ऑफ सेव्हन' काढला आणि त्या देशाच्या निसर्गाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्यांतले आर्थर लिस्मर हे मूळ इंग्लंडचे. ते १९११ मध्ये कॅनडात गेले. चित्रकार म्हणून त्यांचे नाव झालेच, पण त्यांचे आयुष्य व्यापले ते शिकवण्याने. टोरांटोच्या कलादालनात त्यांनी लहान मुलांसाठी शनिवारचे चित्रवर्ग चालवले. मुलाने मोठ्यांची नक्कल करू नये, स्वतःच्या मनातले काढावे, हा त्यांचा ध्यास होता. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. बेंद्रे आणि लिस्मर यांच्या वाटा एकमेकींना भेटल्याची नोंद नाही. पण दोघांनाही एकच हिशेब करावा लागला. दिवसाचे तास तेवढेच असतात. विद्यार्थ्याच्या कागदावर खर्च झालेला वेळ स्वतःच्या कॅनव्हासला मिळत नाही.

राजीनामा आणि ठिपके

तरीही बडोद्याच्या वर्षांत बेंद्रे यांचा कुंचला थांबला नव्हता. दिल्लीत ललित कला अकादमीने १९५५ मध्ये भरवलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या 'काटा' या चित्राला पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये ते विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. पद मोठे, मानही मोठा. पण पदाबरोबर बैठका आल्या, कागदपत्रे आली, वेळापत्रके आली.

१९६६ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, बेंद्रे यांनी बडोद्याची नोकरी सोडली. सोळा वर्षांची प्रतिष्ठा आणि महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार मागे ठेवून त्यांनी पूर्ण वेळ चित्रकार व्हायचे ठरवले. ज्या वयात सर्वसामान्य माणूस निवृत्तीचे दिवस मोजतो, त्या वयात हे धाडस! 'चित्रे काढून घर कसे चालणार?' हा प्रश्न आता त्यांनी स्वतःलाच नव्याने विचारला होता.

उत्तर त्यांनी पुढची पंचवीस वर्षे मुंबईत राहून दिले. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या कॅनव्हासवर रंगांचे ठिपके जमू लागले. फ्रान्समधल्या सुरा या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात वापरलेले हे तंत्र. शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचे. बेंद्रे यांनी ते आपल्या मातीत आणले. खेड्यातल्या बायका, झाडांच्या सावल्या, ऊन झेलणारी माळराने त्या ठिपक्यांतून उजळून निघाली. जवळून पाहावे तर नुसते ठिपके आणि चार पावले मागे सरकावे तर लख्ख दुपार. लहानपणी देवळालीकरांनी दाखवलेले ते माळव्याचे ऊन साऱ्या जगाची सैर करून पुन्हा घरी आले होते.

मानसन्मानही आले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप आणि १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात त्यांचे निधन झाले.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर

मग चित्रे काढून घर चालते का? बेंद्रे यांच्या आयुष्याकडे पाहिले तर उत्तर सरळ 'हो' असे देता येत नाही. त्यांनी बी.ए. केले, सरकारी कचेरीत नोकरी केली, सोळा वर्षे शिकवले आणि एवढे सारे केल्यावर पूर्ण वेळ चित्रकार होण्याची चैन त्यांना छपन्नाव्या वर्षी परवडली. पण यांपैकी एकाही कामात त्यांनी चित्रकलेची साथ सोडली नाही. काश्मीरच्या नोकरीने त्यांना निसर्ग दिला आणि बडोद्याच्या नोकरीने शिष्य दिले. घरही चालले आणि कुंचलाही चालला.

आईवडिलांनी यातून घ्यायची गोष्ट आणखी एक आहे. मुलाची चित्रकलेची वही उघडल्यावर झाड हिरवेच का नाही, माणसाचे हात एवढे लांब का, अशा दुरुस्त्या करण्याआधी क्षणभर थांबावे. सूर्य डोंगरांच्या मधूनच उगवला पाहिजे, झोपडीशेजारी नारळाचे झाड हवेच, हे सारे मोठ्यांनीच मुलांना शिकवले आहे. बेंद्रे यांच्यासारख्या सिद्धहस्त चित्रकाराला विद्यार्थ्याच्या हातातून कुंचला घेऊन चित्र 'सुधारून' देणे काय अवघड होते? तसे केले असते तर भट्ट, दवे, शेख, संतोष यांच्या जागी आज बेंद्रे यांच्याच चार फिक्या आवृत्त्या दिसल्या असत्या.

तरुण चित्रकारांना बॉम्बे आर्ट सोसायटीकडून दिल्या जाणाऱ्या एका शिष्यवृत्तीचे नाव 'बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती' असे आहे. एकाने त्या दिवशी इंदूरमध्ये दुसऱ्याच्या वडिलांचे दार ठोठावले होते. आता ती दोन्ही नावे मिळून कोणा तिसऱ्याच्या घराचे दार ठोठावतात. आत कुणीतरी आई, कुणीतरी वडील, मुलाची चित्रे हातात घेऊन विचारात पडलेले असतील. त्यांनी दार उघडावे.